ब्रामाचा दाब आणि चामड्याचा वॉशर

गॅरेजमध्ये गाडी उचलली जात असताना थांबून बघावं असं कुणाला वाटत नाही. शिकाऊ मुलगा जॅक पुढच्या चाकाजवळ सरकवतो, दांडा पंधरा-वीस वेळा खाली-वर करतो आणि टनभर वजनाची मोटार नाक वर करून उभी राहते. त्या मुलाच्या दंडात एवढं बळ नाही, हे उघड आहे. दोन नळ्या, थोडं तेल आणि चामड्याची किंवा रबराची एक गोल कडी मिळून ते बळ पुरवतात. ही जुळणी व्यवहारात आणली यॉर्कशरमधल्या, पायानं अधू झालेल्या एका सुतारानं, १७९५ मध्ये. त्याचं नाव जोसेफ ब्रामा.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत तो ‘ब्रामा प्रेस’ या नावानं भेटतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. पण त्याच्या यंत्राची पिलावळ आपल्या आजूबाजूला सगळीकडे आहे. वऱ्हाड-खानदेशातल्या प्रेसिंग कारखान्यांत कापसाच्या गाठी आवळणारं यंत्र, मुरमाची ट्रॉली मागं उलटवणारा ट्रॅक्टरचा पंप, पोकलेनचा हात, मोटारीचा ब्रेक हे सारे एकाच कुळातले. गाडीखालचा जॅकही त्यातलाच. त्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरलेली माणसं चेंगरून रुग्णालयात येतात, काही येईपर्यंत संपलेली असतात. ती का चेंगरतात, हे समजायला ब्रामाचं आयुष्य चांगलं उपयोगी पडतं, कारण ज्या भागात आज जॅक दगा देतो त्याच भागानं ब्रामालाही छळलं होतं.

बार्न्स्लीजवळच्या स्टेनबरो गावी १७४८ मध्ये ब्रामाचा जन्म झाला. वडील एका उमरावाच्या जमिनीवर शेती करत. मुलानंही नांगर धरायचा, हे ठरलेलंच होतं. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या उजव्या घोट्याला जबर दुखापत झाली. तेव्हा क्ष-किरण नव्हते, प्लास्टर नव्हतं. घोट्याचा सांधा म्हणजे तीन हाडांचं बारीक जुळवलेलं काम. त्यातलं एखादं हाड दोन-तीन मिलिमीटरनं जरी सरकून जुळलं, तरी माणूस जन्मभर चालताना ते जाणवतं. ढेकळांच्या रानात नांगरामागं दिवसभर चालणं आता या मुलाला शक्य नव्हतं. घरी पडल्या पडल्या तो लाकडाची वाद्यं करू लागला आणि ती बरी जमली, म्हणून वडिलांनी त्याला गावातल्या सुताराकडे शिकायला ठेवलं.

शिक्षण संपल्यावर तो लंडनला गेला. गाडीभाडं परवडत नव्हतं म्हणून पायीच गेला, असं त्याच्या जुन्या चरित्रात नोंदलेलं आहे. स्टेनबरो ते लंडन हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चालणारा पाय अधू होता.

लंडनमध्ये त्याला फर्निचर करणाऱ्याकडे काम मिळालं. त्या कामात श्रीमंतांच्या घरी पाण्याचे संडास बसवण्याचंही काम असे. लाकडी बैठक सुतारच करायचा, त्यामुळे आतली यंत्रणाही त्याच्या हाताखालून जाई. तेव्हाच्या संडासात तळाला सरकणारी झडप असायची. हिवाळ्यात ती गोठून अडकायची, एरवी गळायची. एकदा काम करताना ब्रामा पडला आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यानं या झडपेवर विचार केला. सरकणाऱ्या झडपेऐवजी बिजागरीवर उघडमीट करणारी झडप त्यानं बसवली आणि १७७८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढच्या वीसेक वर्षांत त्यानं असे सुमारे ६,००० संडास बनवले.

दोन अपघातांनी एका माणसाचं आयुष्य असं घडवलं, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या काळी घोटा मोडलेल्या बहुतेक शेतमजुरांच्या वाट्याला भीक किंवा अनाथगृहच येत असे. ब्रामाच्या हाताला कसब होतं आणि घरात त्याला काही महिने बसवून खाऊ घालण्याइतकी ऐपत होती, म्हणून तो तरला.

त्याच्या संडासांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. घरातली घाण पाण्यानं वाहून गेली तरी लंडनमध्ये ती पुढं जायची कुठं, याचा विचार कुणी केलेला नव्हता. ती आधी घराखालच्या खड्ड्यांत आणि पुढं गटारांतून थेम्स नदीत गेली. त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या कॉलऱ्याच्या साथींत या व्यवस्थेचा मोठा वाटा होता. यात ब्रामाचा दोष नाही. त्याची झडप गळत नव्हती, एवढं मात्र खरं.

गळू न देणं हाच त्याचा आयुष्यभराचा विषय होता, असं म्हणता येईल. झडपेनंतर तो कुलपाकडे वळला. १७८४ मध्ये त्यानं नव्या प्रकारच्या कुलपाचं पेटंट घेतलं. पिकॅडिली रस्त्यावर त्याचं दुकान होतं. तिथल्या काचेमागं १७९० पासून एक कुलूप मांडून ठेवलेलं होतं, आणि ते किल्लीविना उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस जाहीर केलेलं होतं. सहा दशकं ते कुणालाही उघडलं नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञानं ते उघडलं, तेही सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपल्यावर. ते पाहायला ब्रामा नव्हता.

कुलपाचे भाग इतके काटेकोर लागत, की हातानं कानस मारून ते परवडेनात. म्हणून ब्रामानं वूलिचच्या शस्त्रागारातल्या एका अठरा वर्षांच्या पोराला बोलावून घेतलं. हा हेन्री मॉडस्ले. पोरगा इतका लहान दिसत होता, की कारखान्यातल्या जुन्या कारागिरांच्या हाताखाली तो टिकेल का, अशी शंका होती. तो टिकला आणि लवकरच कारखान्याचा मुकादम झाला. कुलपाचे सुटे भाग एकसारखे काढणारी यंत्रं त्यानं बनवली. आजच्या कारखान्यांतल्या अचूक यंत्रकामाचं मूळ बरंचसं या दोघांच्या पिम्लिकोतल्या शेडमध्ये सापडतं.

मग दाबयंत्र आलं. त्यामागचं तत्त्व ब्रामाचं नव्हतं. बंद भांड्यातल्या पाण्यावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पसरतो, हे फ्रान्सच्या ब्लेज पास्कलनं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मांडलं होतं. यातून बळ कसं वाढतं ते असं. एक सेंटीमीटर व्यासाची बारीक नळी आणि दहा सेंटीमीटर व्यासाची जाड नळी एकमेकींना जोडली आणि दोन्हींत दट्ट्या बसवला, तर जाड दट्ट्याचं क्षेत्रफळ बारीक दट्ट्याच्या शंभरपट भरतं. बारीक दट्ट्यावर दहा किलोचा भार दिला की जाड दट्ट्या हजार किलो उचलायला तयार होतो. फुकट काहीच मिळत नाही. बारीक दट्ट्या एक सेंटीमीटर खाली गेला तर जाड दट्ट्या मिलिमीटरचा दहावा भागच वर येतो. म्हणून तर जॅकचा दांडा इतक्या वेळा मारावा लागतो.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात जाड दट्ट्या नळीत वर-खाली व्हायला हवा, म्हणजे त्याच्या भोवती फट हवी, आणि फट असली की पाणी तिथून बाहेर पडणार. पास्कलपासून ब्रामापर्यंतचा मधला काळ या फटीतच अडकला होता. ब्रामानं नेहमीचा उपाय केला. दट्ट्याभोवती दोर आणि तत्सम सामान ठासून भरलं आणि वरून घट्ट आवळलं. पाणी थांबलं, पण आता दट्ट्याच हलेना. वर गेलेला दट्ट्या दाब काढून घेतला तरी खाली यायला तयार नाही. सैल केलं की गळती, घट्ट केलं की जखडणं. १७९५ च्या एप्रिलमध्ये पेटंट हातात आलं, तरी यंत्र कामाचं होत नव्हतं.

तोडगा काढण्याचं श्रेय सहसा मॉडस्लेला दिलं जातं. त्यानं चामड्याची एक कडी केली, आतून पन्हाळीसारखी पोकळ, आणि पन्हाळीचं तोंड दाबाच्या बाजूला ठेवलं. पाणी दाबानं आत घुसलं की ते पन्हाळीचे काठ फाकवतं. एक काठ दट्ट्याला चिकटतो, दुसरा नळीच्या भिंतीला. दाब जितका वाढेल तितके काठ अधिक घट्ट चिकटतात. दाब सोडला की काठ मऊ पडतात आणि दट्ट्या अलगद खाली उतरतो. गळती थांबवण्याचं काम त्यानं गळणाऱ्या पाण्याकडूनच करून घेतलं.

सायकलचा पंप किंवा रॉकेलचा स्टोव्ह उघडून पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. त्यातला चामड्याचा वाटीसारखा वॉशर याच तत्त्वावर चालतो. तो वाळला की पंप हवा धरत नाही, मग घरातलं कुणीतरी त्याला खोबरेल तेल चोळून मऊ करायचं आणि पंप पुन्हा चालू व्हायचा. स्टोव्हच्या बाबतीत वॉशर वाळला तर चहाला उशीर होतो. जॅकच्या बाबतीत त्याच वॉशरवर मोटार उभी असते.

मॉडस्लेला मुकादम म्हणून आठवड्याला ३० शिलिंग पगार होता. बायको, वाढता संसार, म्हणून १७९७ मध्ये त्यानं पगारवाढ मागितली. ब्रामानं नकार दिला. मॉडस्ले बाहेर पडला, स्वतःचा कारखाना काढला आणि इंग्लंडच्या यंत्रविद्येचा गुरू ठरला. ब्रामा माणूस म्हणून कडक होता आणि स्वतःच्या हक्कांना जपणारा होता. दुसऱ्यांच्या हक्कांबाबत तो तितका हळवा नव्हता. जेम्स वॉटच्या पेटंटचा खटला चालला तेव्हा तो वॉटच्या विरुद्ध बाजूनं साक्षीला उभा राहिला. त्याची स्वतःची पेटंटं मात्र एकूण अठरा झाली. तळघरातल्या पिंपातून दारू वर ओढणारा पंप, लाकूड रंधणारं प्रचंड यंत्र, पिसाच्या लेखण्या झटपट कापणारं यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारं यंत्र. या शेवटच्या यंत्रामुळे कारकुनांनी हातानं नोटांवर आकडे लिहिण्याचं काम संपलं.

त्याचा शेवट सांगण्याआधी दाबयंत्राचं पुढं काय झालं, ते बघायला हवं. ब्रामा गेल्यानंतर पस्तीस वर्षांनी वेल्समध्ये मेनाई खाडीवर ब्रिटानिया पूल बांधला जात होता. अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन. आगगाडी ज्यांच्या पोटातून जाईल अशा लोखंडी पेटीसारख्या प्रचंड नळ्या तराफ्यांवरून आणायच्या आणि पाण्याच्या वर सुमारे १०० फूट उचलायच्या, अशी योजना होती. एकेका मोठ्या नळीचं वजन दीड हजार टनांहून जास्त होतं. उचलायला होती ब्रामाचीच दाबयंत्रं, फक्त राक्षसी आकाराची.

यंत्रं मजबूत होती, नवी होती, आणि तपासलेलीही होती. तरी स्टीफन्सननं हुकूम दिला, की नळी जसजशी वर जाईल तसतसं तिच्या टोकांखाली बांधकाम आणि लाकडी ठोकळे रचत यायचं. मोकळी जागा राहू द्यायची नाही. यामुळे काम रेंगाळलं आणि ते अनेकांना जाचक वाटलं. १७ ऑगस्ट १८४९ रोजी नळी वर जात असताना एका दाबयंत्राच्या बिडाच्या नळकांड्याचा तळच फुटून निघाला. एक कामगार मेला. हजार-दीड हजार टनांची नळी खाली आली, पण ती काही इंचच आली आणि खाली रचलेल्या आधारावर जाऊन टेकली. तो आधार नसता तर नळी थेट खाडीत गेली असती आणि खाली काम करणारी कित्येक माणसं तिच्याबरोबर.

स्टीफन्सनला यंत्राचं एक मर्म कळलं होतं. दाबयंत्र उचलतं, पण तोलून धरायची हमी देत नाही. ते तोलून धरतं तोवर सगळा भार पाण्याच्या किंवा तेलाच्या एका कोंडलेल्या घोटावर असतो, आणि तो घोट कोंडून ठेवणारी वस्तू म्हणजे एक कडी आणि एक छोटीशी झडप.

१८५१ मध्ये, म्हणजे हॉब्जनं ब्रामाचं कुलूप उघडलं त्याच वर्षी, न्यू यॉर्कच्या रिचर्ड डजननं हातानं उचलून नेता येईल अशा छोट्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. तोच आजचा हायड्रॉलिक जॅक. पाण्याच्या जागी तेल आलं, चामड्याच्या जागी रबर आलं. आतली गोष्ट तीच राहिली.

ती कडी कशानं निकामी होते? वर्षानुवर्षं उन्हात, धुळीत पडून रबर कडक होतं. दट्ट्यावर गंज चढला किंवा ओरखडा पडला तर कडीचा काठ फाटतो. झडपेत वाळूचा एक कण अडकला, तरी ती पूर्ण बसत नाही आणि तेल हळूहळू मागं जातं. सकाळी उचललेली गाडी दुपारपर्यंत बोटभर खाली आलेली असते. खाली निजलेल्या माणसाला ते कळत नाही. कधी मात्र सगळं एकदम होतं. जॅक चांगला असला तरी डांबर उन्हानं मऊ झालेलं असतं, रस्ता किंचित उतरता असतो, किंवा जाम झालेला नट सोडवायला खालून पान्याला हिसडा दिला जातो आणि जॅकच्या माथ्यावरून गाडी घसरते. गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता असतो. तेवढ्या भरवशावर गाडीखाली एक हातसुद्धा घालू नये.

छातीवर गाडीचा भार आला तर काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. श्वास घ्यायला फासळ्या वर आणि बाहेर यायला हव्यात. त्या हलल्याच नाहीत तर हवा आत जात नाही. ओरडताही येत नाही, कारण ओरडायलाही हवा लागते. म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसालाही काही ऐकू जात नाही. छातीतलं रक्त मागं, मान आणि डोक्याकडे ढकललं जातं. चेहरा जांभळा-निळा होतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके उमटतात. मेंदूला प्राणवायूविना चार-पाच मिनिटंच काढता येतात. अनेकदा एकही फासळी मोडलेली नसते आणि माणूस गेलेला असतो. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचं नसतं. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी दुसऱ्या जॅकनं किंवा हातांनी मिळून गाडी सरळ वर उचलायची आणि लगेच खाली ठोकळे सरकवायचे, नाहीतर मदतीला गेलेलाही अडकतो. गाडी चालू करून पुढं-मागं घेऊ नये, अडकलेल्याचे पाय धरून ओढूही नये. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर छाती दाबून हृदय चालवण्याचा प्रथमोपचार तिथंच सुरू करायचा.

छाती सुटली आणि फक्त मांडी किंवा पाय तासभर किंवा अधिक दाबला गेला, तर धोका वेगळा असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ढिगाऱ्यांखालून काढलेली काही माणसं सुरुवातीला बरी दिसत, बोलत, चहा मागत, आणि काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून मरत. १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स या डॉक्टरनं त्याचा नीट अभ्यास मांडला. चेंगरलेला स्नायू मरतो. भार उचलताच त्यातलं पोटॅशियम आणि स्नायूंतलं रंगद्रव्य रक्तात येतं. पोटॅशियमनं हृदय अडखळतं, रंगद्रव्यानं मूत्रपिंडं तुंबतात. म्हणून पाय किती वेळ दाबलेला होता, हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला आवर्जून सांगायचं. शक्य तितक्या लवकर, जमलं तर पाय सोडवण्याआधीच, त्यांना सलाइन सुरू करता येतं. मुका मार आहे म्हणून घरी जाऊ नये. लघवी काळ्या चहासारखी झाली तर उशीर व्हायला लागला आहे.

आणखी एक दुखापत आहे, जिची कुणाला कल्पनाच नसते. हायड्रॉलिक पाइपला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की त्यातून तेलाची बारीक चिळकांडी येते. गळती कुठं आहे ते पाहायला माणूस बोट फिरवतो. त्या दाबाला कातडी कागदासारखी असते. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. आत मात्र तेल बोटातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत बोट सुजून काळंनिळं पडतं आणि पुष्कळदा कापावं लागतं. अशा ठिपक्याला मलमपट्टी पुरत नाही. त्याच दिवशी, तासाभरात, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं आणि हायड्रॉलिकचं तेल घुसलं आहे हे शब्दांत सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

स्टीफन्सनच्या ठोकळ्यांची आजची आवृत्ती म्हणजे जॅक स्टँड, काही गॅरेजांत ज्याला घोडी म्हणतात. लोखंडाचे तीन किंवा चार पाय, मधला दांडा हव्या त्या उंचीवर खिळीनं पक्का. त्यात तेल नाही, वॉशर नाही, गळण्यासारखं काहीच नाही. गाडी कठीण, सपाट जमिनीवर घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावायचे. कंपनीनं पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून उचलायचं, मग घोड्या लावून गाडी त्यांच्यावर उतरवायची, आणि हातानं हलवून बघितल्यावरच खाली जायचं. काढलेलं चाक आडवं करून दाराच्या पट्टीखाली सरकवून ठेवलं तर आणखी बरं. आपल्याकडे घोडीच्या जागी विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावायची सवय आहे. ती सोडायला हवी. पोकळ ब्लॉक आधी बाकत नाही, करकरत नाही, एका क्षणात चुरा होतो. डंपर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली ग्रीस लावायला जाणाऱ्यांनी तर आधी उचललेल्या हौद्याला लोखंडी टेकू लावल्याशिवाय मान आत घालू नये. तिथं भार मोटारीच्या कितीतरी पट असतो आणि तो धरून ठेवायला तीच कडी असते. घोड्यांची जोडी एका चांगल्या टायरपेक्षा स्वस्त मिळते. तरी बहुतेक छोट्या गॅरेजांत जॅक तीन असतात आणि घोडी एकही नसते.

ब्रामा आपल्या यंत्राखाली चेंगरून मेला नाही. पण त्याच्या मरणाचं निमित्त ते यंत्रच होतं. १८१४ च्या अखेरीस हॅम्पशरमधल्या होल्टच्या जंगलात झाडं मुळासकट उपटण्याचं काम त्यानं घेतलं होतं. त्यासाठी दाबयंत्रच वापरलं जात होतं. ओक वृक्षाच्या बुंध्याला साखळी लावायची, पंप मारत राहायचं, आणि दोन-तीन शतकांची मुळं जमिनीतून वर निघायची. अशी शेकडो झाडं त्या यंत्रानं उपटली. सहासष्ट वर्षांचा ब्रामा थंडीत, ओल्या जंगलात स्वतः उभा राहून काम करून घेत होता. वाळक्या पाचोळ्याची, दवाची ती थंडी छातीत उतरली.

सर्दीचा न्यूमोनिया झाला. तेव्हा यावर खरा उपचार नव्हता. पेनिसिलिन यायला अजून सव्वाशे वर्षं होती. छातीत काय चाललं आहे ते ऐकायला डॉक्टरांकडे साधनही नव्हतं. पॅरिसमध्ये लेनेकनं कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, ती त्यानंतर दोन वर्षांनी. रक्त काढणं, शेक, अंथरूण, एवढंच वैद्यकाच्या हातात होतं. ९ डिसेंबर १८१४ रोजी ब्रामा पिम्लिकोत वारला. त्याला पॅडिंग्टनच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरण्यात आलं.